बोट लागली!

बोट लागण्याचे आपल्याकडे दोनच प्रकार. एक धक्क्याला लागते, दुसरी पोटाला. २०२४च्या उन्हाळ्यात उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला तिसरा प्रकार निघाला. 'व्हिला व्ही ओडिसी' नावाची बोट तिथल्या धक्क्याला अशी लागली, की चार महिने उठेचना.

बेत काय होता ऐका. साडेतीन वर्षं, १४७ देश, ४२५ बंदरं. बोटीवरची खोली चक्क विकत घ्यायची, भाव एक लाख डॉलरच्या आसपास सुरू. मुहूर्त ३० मेचा. प्रवासी बॅगा भरून हजर, गैरहजर फक्त बोटीची तब्येत. बाई १९९३च्या, तिशी उलटलेल्या. आधी सुकाणूचं दुखणं निघालं, मग गिअरबॉक्सचं. तिशीनंतर एकेक निघतंच. दुरुस्ती झाली ती हार्लंड अँड वूल्फच्या गोदीत. होय, तीच गोदी. टायटॅनिक बांधणारी. हे सदर लिहायला मला पैसे मिळतात, नियती तेच काम फुकटात करते.

मधल्या काळात या शंभराहून अधिक मंडळींनी केलं काय? मजा. दिवसा बोटीवर जायचं, खायचं-प्यायचं, रात्र पडली की उतरून हॉटेलात झोपायला. नव्या नवरीने रोज सकाळी सासरी जेवायला जावं आणि दिवेलागणीला माहेरी परतावं, तसला संसार. इथली सगळी हॉटेलं खाऊन झाली, सगळे पब पिऊन झाले, असं ते बातमीदारांना हसत सांगत होते. बेलफास्टचा पाऊस आपल्या महाबळेश्वरच्या पावसाचा मावसभाऊ, त्यामुळे विषुववृत्तासाठी भरलेल्या बॅगेवर छत्रीची खरेदी. एका जोडप्याने तर या मुक्कामातच साखरपुडा उरकला. बोट हलली नाही, पण गाडी पुढे सरकली.

लगेच आमच्यातले प्रेरणादायी वक्ते सरसावणार. पाहा, ही वृत्ती! अहो थांबा. वृत्तीआधी बिल कोणी भरलं ते बघा. खाणं-पिणं-राहणं कंपनीच्या खर्चाने, बेलफास्टचा कंटाळा आला तर काहींना स्पेन, काहींना थेट ग्रीनलंड, तेही कंपनीकडूनच. दुसऱ्याच्या पैशाने ताटकळायला मिळणार असेल तर मीही स्थितप्रज्ञ व्हायला तयार आहे. आणि काही जणांनी तर घरदार आवरून हा प्रवास धरला होता. परतायला घर नसलं की माणूस फार लवकर समाधानी होतो.

आनंदी वृत्तीची खरी परीक्षा झाली फेब्रुवारी २०१३मध्ये, मेक्सिकोच्या आखातात. 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिनखोलीत आग लागली. जीव सगळ्यांचे वाचले, वीज मात्र गेली. चार हजारांवर माणसं भर समुद्रात, आणि संडास तुंबलेले. प्रवाशांच्या हाती लाल पिशव्या दिल्या गेल्या. कशासाठी, ते नाश्ता झाल्यावर आठवा. लोक गाद्या ओढून डेकवर झोपले, चादरींचे तंबू ठोकले, खाण्यासाठी रांगा लावल्या आणि पुष्कळांच्या वाट्याला कांद्याचं सँडविच आलं. टगबोटींनी ओढत ओढत ही वरात अलाबामातल्या मोबिल बंदराला लावली. कंपनीने पैसे परत केले, वर पाचशे डॉलर दिले, पुढच्या क्रूझची सवलतही दिली (कांद्याचं सँडविच खाल्लेल्या माणसाला पुन्हा जेवायला बोलावण्याचं धाडस बघा). आणि जाहीर केलं, की अंगावरचे पांढरे झगे घरी नेले तरी चालतील. चार दिवस अंघोळीची मारामार, आणि आठवण म्हणून अंघोळीनंतरचा झगा!

तरी तिथेही काही जण गात होते, पत्ते कुटत होते. त्यांना माझा दंडवत. बाकी अनुभव सांगतो, आनंदी राहण्याची पहिली अट म्हणजे फ्लश ओढल्यावर पाणी आलं पाहिजे. अध्यात्म त्यानंतर.

माझी स्वतःची मजल सांगायची तर गेटवेवर मांडव्याची बोट. जूनच्या तोंडाशी, दर्या खवळलेला, फेरी रद्द. तास-दीड तासाचा खोळंबा. पहिल्या दहा मिनिटांत बायकोने विचारलं, "रस्त्याने जाऊ या असं कोण म्हणत होतं?" पुढच्या दहात मेहुण्याने सगळ्या बंदर खात्याचा उद्धार केला. मुलं भेळ खात होती, ती मजेत. मी गप्प बसून ताजमहाल हॉटेलच्या खिडक्या मोजल्या. तेराव्या खिडकीपाशी चुकलो, परत पहिल्यापासून. चार महिन्यांत आमच्या घरात साखरपुडा नव्हे, वाटण्या झाल्या असत्या.

बेलफास्टची बोट अखेर ३० सप्टेंबरच्या रात्री सुटली. रुमाल हलले, निरोप झाले, चार महिन्यांचा यजमान मोकळा झाला. आणि बोट थोडं पुढे जाऊन थांबली. काही कागद अजून पुरे व्हायचे होते म्हणे. खरा प्रवास सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

सुकाणू, गिअरबॉक्स, टायटॅनिकची गोदी, सगळं वाचताना ती बोट परकी वाटत होती. कागदासाठी थांबली म्हटल्यावर एकदम आपली वाटली.