पक्ष, साध्य आणि बांध

पुणे आणि नगर यांच्या दरम्यान सुपा आहे, असं भूमितीच्या पेपरात लिहिलं तर मार्क जातील. ही माहिती मला भाचीने दिली. ती नववीत आहे आणि आमच्याकडेच राहते. त्यामुळे हल्ली घरात भाजी अळणी झालीय म्हणायचं तरी सिद्धता द्यावी लागते.

तिच्या बालभारतीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात ‘दरम्यानता’ भेटते. तिन्ही बिंदू एकरेषीय हवेत आणि अलीकडचं अंतर अधिक पलीकडचं अंतर बरोबर एकूण अंतर यायला हवं, तरच मधला तो मधला. “आता नगर रोड आठवा, मामा,” ती म्हणाली. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, मग घोडनदीचा पूल. “ही रेषा आहे?” मी नकाशावर पट्टी ठेवून सुपा जवळजवळ रेषेवरच येतं, हे दाखवलं. पण ‘जवळजवळ’ला भूमितीत जामीन मिळत नाही.

दिलासा एवढाच, की युक्लिडलाही दरम्यानता सांगायची गरज वाटली नव्हती. मधला म्हणजे मधला, आकृतीत दिसतोय की! तिचे नियम नीट मांडले जायला 1882 साल उजाडलं. ते काम मोरिट्झ पाश या जर्मन गणितज्ञाने केलं. म्हणजे दोन हजार वर्षं जगाचं आमच्यासारखंच अंदाजपंचे चाललं होतं.

पुढच्या आठवड्यात गोठ्याची आखणी करायला मिस्त्री आला. त्याने एका कडेला तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या कडेला चार फुटांवर, आणि तिरपा टेप पाच फूट दाखवेपर्यंत दोरी सरकवली. “कोपरा गुण्यात आला,” तो म्हणाला.

“काका, तुम्ही पायथागोरसचा व्यत्यास वापरलात,” भाची म्हणाली.

मिस्त्री दचकला. “मी काही वापरलं नाही, ताई. तुमचं सामान आहे तिथंच आहे.”

प्रमेय म्हणतं, काटकोन असेल तर बाजूंच्या वर्गांची बेरीज जुळते. मिस्त्री उलटा जातो : बेरीज जुळली, म्हणजे काटकोन झाला. इथे उलटंही खरं निघतं, म्हणून घरं उभी आहेत. दर वेळी तसं निघत नाही. सुप्याच्या माळावरच्या पवनचक्कीचं पातं वाऱ्याने गरगरत असेल, तर वारा आहे, हे खरं. पण वारा आहे म्हणजे पातं फिरणारच, हा व्यत्यास खोटा. चक्की दुरुस्तीसाठी बंदही असू शकते.

एवढं समजलं तरी गावातले निम्मे वाद मिटतील, असं वाटून मी चहाच्या टपरीवर गेलो. तिथे सिद्धता आधीच पूर्ण झालेली होती : पवनचक्क्या आल्या, पाऊस गेला, अर्थात पवनचक्क्यांनीच ढग पळवले. सांगली-धुळ्याकडच्या माळांवरही हीच सिद्धता चालते. मी म्हणालो, पारनेर तालुका पर्जन्यछायेत आहे, ढग सह्याद्रीवर रिकामे होऊनच इकडे येतात. 1972च्या दुष्काळात माळावर एक तरी पवनचक्की होती का?

“नव्हती,” एक आजोबा बशीतला चहा संपवून म्हणाले. “तवा ढग आपल्या आपण जायचे.”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. पण न्याय म्हटलं की आमच्याकडे दिवाणी कोर्टच आठवतं, आणि कोर्ट म्हटलं की बांध.

पुस्तकातल्या रेषेला जाडी नसते. दोन गटांमधल्या रेषेला मात्र जाडी असते, गवत असतं, बाभळी असतात आणि दोन्हीकडून दर पेरणीला तिला कोरणारा नांगर असतो. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. आमच्या तात्यांचा आणि बापूंचा वाद अर्ध्या गुंठ्याचाही नाही. पण पुस्तकात आधी पक्ष लिहितात, म्हणजे दिलेली माहिती. मग साध्य, मग सिद्धता. या दोघा भावांनी वाटणीच्या दिवशीच साध्य लिहून टाकलं होतं : बांध माझ्या हद्दीत. पक्ष काय, पुढे कधीतरी सापडेल.

शेवटी मोजणी आली. मोजणीवाल्यांनी रोव्हर उभा केला, उपग्रहाला विचारलं आणि खुणा दिल्या, बरोबर बांधाच्या मधोमध.

तात्या म्हणाले, “तो उपग्रह बापूच्या सासुरवाडीवरून येतो.”

बापू उसळले, “सासुरवाडीचा असता तर मला चार फूट जास्त दिले नसते का? दिले का? मग तो सासुरवाडीचा नाही!”

“अप्रत्यक्ष सिद्धता!” भाची टाळ्या वाजवत ओरडली. विरुद्ध बाजू खरी धरा, तिच्यातून विसंगती काढा, संपलं. इतकं निर्दोष तर्कशास्त्र आमच्या शिवारात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तात्यांनाही ते पटलं असावं. त्यांनी भाचीला विचारलं, “यात काही चूक नाही ना?” ती म्हणाली, “एकसुद्धा नाही, आजोबा.”

तात्यांनी मान डोलावली आणि फेरमोजणीचा अर्ज टाकला.