राजेंद्रबाबू नापास!

भिलाईत निवृत्त माणसाला दोनच उद्योग: सकाळी मैत्रीबागेकडे चालायला जायचे आणि संध्याकाळी बाकावर बसून देश चालवायचा. परवा आमच्या सेक्टरातल्या बाकावर ठराव आला, की राष्ट्रपती जन्मानेच भारताचा नागरिक हवा, अमेरिकेत असतो तसा. सूचक काका मूळ भंडाऱ्याचे, अनुमोदक श्रीकाकुलमचे, टाळ्या वाजवणारे बलियाचे. अस्सल छत्तीसगढिया एकच हजर होता. तो चहा देत होता.

ठराव तसा नवा नाही. मे १९९९ मध्ये शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींना पत्र लिहून नेमके हेच मागितले होते: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदे जन्माने भारतीय असणाऱ्यांनाच मिळावीत, तशी घटनादुरुस्ती व्हावी. काँग्रेस पक्षाने तिघांना काढले, १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली आणि ऑक्टोबरात तीच महाराष्ट्रात काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून सत्तेत बसली. एवढ्या लवकर तर घटनेतला स्वल्पविरामही बदलत नाही.

पण काकांचा ठराव मंजूर झाला असे धरू आणि जुने दाखले काढू. ४ फेब्रुवारी १९५९ ला भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसच्या उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. जन्म १८८४, व्हिक्टोरिया राणीचे प्रजाजन. बाद! प्रतिभाताई पाटील, जन्म १९३४, पंचम जॉर्जचे राज्य. बाद! घटनेतली नागरिकत्वाची कलमेच मुळी २६ नोव्हेंबर १९४९ ला लागू झाली. त्याआधी जन्मलेला कुणीही काटेकोरपणे पाहता जन्मतः भारताचा नागरिक नव्हे. म्हणजे २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू येईपर्यंत राष्ट्रपती भवनाला कुलूपच. पत्र लिहिणारे पवारसाहेबही १९४० चे. अमेरिकेचे घटनाकार हुशार. ही अट घालतानाच त्यांनी आपल्या पिढीपुरती सूट लिहून ठेवली.

पुढची गंमत याहून मोठी. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले मूल, आईबाप कुठलेही असोत, जन्मानेच भारतीय. परकी राजदूतांची आणि शत्रुदेशीयांची मुले तेवढी वगळलेली. म्हणजे भिलाईचा पोलाद कारखाना उभारायला आलेल्या एखाद्या सोव्हिएत इंजिनिअरला इथल्या इस्पितळात मुलगा झाला असता, तर तो काकांच्या कसोटीला उतरला असता आणि राजेंद्रबाबू नापास!

काका स्वतः १९४६ चे. हे ध्यानात आल्यावर त्यांनी ठरावात ‘मनाने भारतीय’ अशी दुरुस्ती सुचवली. तेवढ्यात चहावाल्याने कप गोळा करता करता विचारले, छत्तीसगडचा मूळनिवासी दाखला तुमच्यापैकी कुणाकुणाकडे आहे? बाक खवळला. आम्ही इथे आलो तेव्हा छत्तीसगड राज्य तरी होते का? ते तर १ नोव्हेंबर २००० चे, अजून त्याचीच राष्ट्रपतिपदाची पस्तिशी भरायची आहे! माणूस कुठे जन्मला यापेक्षा त्याने कुठे घाम गाळला हे महत्त्वाचे, यावर मिनिटभरात एकमत झाले. ठराव मात्र मागे घेतलेला नाही. तो दिल्लीसाठी आहे.

तूर्त कलम ५८ ला नागरिकत्व, ३५ वर्षे वय आणि लोकसभेची पात्रता पुरते. लाभाचे पद तेवढे नको. अर्जाला मतदारयादीतल्या नोंदीची प्रत, १५ हजार रुपये अनामत आणि खासदार-आमदारांतून ५० सूचक व ५० अनुमोदक लागतात. तेव्हा इच्छुकांनी जन्मदाखला शोधत बसू नये, आधी आमदार जमवावेत. ती विद्या शिकायला महाराष्ट्र फार लांब नाही.