मुळ्याचा नैवेद्य

जपानला न्यायच्या सामानात सगळ्यांत आधी बॅगेत गेले ते गोरसपाकाचे आठ पुडे.

"तिकडं म्हणे कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाई," ही म्हणाली.

"अगं, पण आपण कोणाच्या घरी जाणार आहोत? आपल्या ओळखीचं तिथं कुत्रंसुद्धा नाही."

"तुमाले काय माहीत? एखादं निंघलं तर?"

या 'निंघलं तर'पायी आमच्या घरातले दोन स्टोव्ह, एक पाळणा आणि गव्हाची अर्धी गोणी भारतभर फिरून आलेली आहे. त्यामुळे मी वाद घातला नाही. गोरसपाकामागोमाग जवसाची चटणी गेली, सातूचं पीठ गेलं, लसणाचा ठेचा तीन पिशव्यांत गुंडाळून गेला आणि सगळ्यात शेवटी, जागा उरलीच आहे म्हणून, माझे कपडे गेले.

जपानच का, असं नागपूरच्या मेव्हण्यानं विचारलं होतं. "थायलंड स्वस्त पडते, भाऊजी." हिचं उत्तर तयार होतं. "माकडं पाहाले."

याला इतिहास आहे. वर्ध्यात पाहुणा आला की त्याला आधी चहा, मग तर्रीपोहे आणि मग सेवाग्राम, हा क्रम ठरलेला. पस्तीस वर्षांच्या संसारात हिनं किती पाहुण्यांना बापूकुटी दाखवली याची मोजदाद नाही. ही बापूंची बैठक, ही काठी, या खडावा आणि ही तीन माकडं. एका चिनी पाहुण्यानं ती बापूंना दिली असं सांगतात, तेही ही सांगायची. दोन वर्षांपूर्वी पुण्याचा एक पाहुणा सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "पण काकू, मूळ माकडं जपानमध्ये आहेत. निक्कोला." पाहुणा गेला, हिचा रुसवा राहिला. "पस्तीस वर्षं नक्कल दाखवून राह्यलो का मंग आपण?" शेवटी माझ्या बँकेतल्या निवृत्तीच्या पैशांना पाय फुटले.

प्रवास पुण्याच्या मुलानं आखून दिला. तो संगणकात आहे, म्हणून त्यानं अकरा दिवस एका तक्त्यात बसवले होते. त्यात जेवणाला पंचवीस मिनिटं, गाडी बदलायला सहा मिनिटं आणि आईच्या गुडघ्यांना शून्य मिनिटं होती.

टोकियोत आम्ही असाकुसा भागात उतरलो. मार्चअखेर होती. वर्ध्याला पंखे गरगरत होते आणि इथे ही दोन स्वेटर, शाल, मफलर आणि माझे मोजे घालून चेरीच्या फुलांखाली उभी होती. हॉटेलखालच्या दुकानात दूध, दही आणि बिअर एकाच काचेआड शेजारी शेजारी ठेवलेली. आमच्या जिल्ह्यात पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे. म्हणजे ती कुठे मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कोणी कोणाला विचारत नाही. त्यामुळे ती अशी उजेडात, किंमत लावून उभी असलेली पाहून हिला संकोच वाटला. दूध काढतानाही तिनं इकडेतिकडे पाहून घेतलं.

भाषेची धास्ती होती ती मला. आम्ही शाकाहारी. मुलानं कागदावर वाक्यं लिहून दिली होती, त्यात नीकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासे, आणि पुढे आदरार्थी शेपूट लावलेला लांबलचक नकार. हिनं शेपूट कापलं. पहिल्याच हॉटेलात वाढणाऱ्या पोरीकडे पाहून ठणकावून म्हणाली, "नीकु नाई. साकाना नाई."

"हाई!" पोरगी म्हणाली आणि कमरेत वाकली.

नंतर कळलं की जपानीतही नकार 'नाई' असाच आहे. ही आर्वीकडची. तिच्या माहेरची 'नाई' थेट टोकियोत चालली आणि मी कॉलेजात कमावलेलं इंग्रजी कोणी विचारलंही नाही. शिवाय जपानी माणूस वाक्याच्या शेवटी 'ने' लावतो. सामुई देसु ने, थंडी आहे न. "हे तर आपल्यासारखंच बोलून राह्यले न!" ही म्हणाली. क्रियापदसुद्धा शेवटी येतं. बोलणं जुळलं, पण सूप काही जुळलं नाही. त्यांच्या बहुतेक रश्शांचा जीव वाळवलेल्या माशाच्या पाण्यात असतो, आणि मासा ताटात दिसत नाही तर तो नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. मग हिनं दुकानातला तिकोनी भाताचा लाडू शोधून काढला, पोटात आंबटखारट उमेबोशी असलेला. "भातात लोणचं भरलं हाय, बस." अकरा दिवस आम्ही त्यावर आणि जवसाच्या चटणीवर काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती. जपानात आपले बरेच देव नावं बदलून राहतात. सरस्वती तिथं बेन्झाइतेन होऊन तळ्याकाठी वाद्य वाजवत बसते आणि गणपतीला शोतेन म्हणतात. असाकुसापासून सुमिदा नदीच्या काठानं थोडं चाललं की मात्सुचियामाची टेकडी लागते, टेकडी कसली, उंचवटाच. तिथं त्याचं देऊळ. पायऱ्या चढून हिनं नजर टाकली आणि थबकली. खांबांवर, कंदिलांवर, जिथं तिथं मुळे. एकमेकांत गुंतलेल्या दोन मुळ्यांचं चिन्ह कोरलेलं. आणि गाभाऱ्यापुढं खरेखुरे, पांढरेशुभ्र, हातभर लांब मुळे रचलेले.

"मोदक?"

"नाहीत. इथं मुळ्याचा नैवेद्य असतो. आणि साके."

"साके म्हंजे?"

मी घसा खाकरला. "तांदळाची... ती."

ती काही बोलली नाही. दारूबंदी जिल्ह्यातल्या बाईनं आयुष्यभर ज्याला दूर्वा वाहिल्या तो इथं मुळा तोंडी लावून तांदळाची पितो, हे गिळायला वेळ लागतोच. मग म्हणाली, "थंडी असन न पण इकडं," आणि देवाला माफ केलं.

मूर्ती मात्र दाखवत नाहीत, बंद असते. कारण मला ठाऊक होतं. शोतेनच्या मूर्तीत बहुधा दोन गजमुखी आकृत्या एकमेकांना मिठीत घेऊन उभ्या असतात. गुंतलेले मुळेही नवराबायकोच्या गोडव्याचे. ही माहिती मी हिच्यापासून लपवली. हिनं आवारातूनच एक मुळा विकत घेऊन वाहिला, हात जोडून हळू आवाजात अख्खी आरती म्हटली, टाळ्यांसकट. शेजारच्या जपानी आजोबांनी ताल धरला नाही, पण थांबले.

निघताना एका टेबलावर देवापुढचे मुळे प्रसाद म्हणून ठेवलेले दिसले. हिनं त्यातला सगळ्यांत मोठा निवडला. तो पर्समध्ये मावेना. दिवसभर टोकियोच्या मेट्रोत हिच्या खांद्यावरून हातभर मुळा बाहेर डोकावत होता. जपानी माणूस दुसऱ्याकडे टक लावून पाहत नाही, ही त्यांची रीत किती कठोर आहे ते मला त्या दिवशी कळलं. डबाभर लोक मुळ्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. रात्री हॉटेलात दाढीच्या मगात मुळ्याची कोशिंबीर झाली. ठेचा घातला होता. देवाचा प्रसाद म्हणून मीही डोळ्यांतलं पाणी पुसत खाल्ली.

तिसऱ्या दिवशी निक्को. असाकुसाहूनच गाडी निघते, दोनेक तास. उंच सुरूसारखी देवदारं, दगडी पायऱ्या आणि बर्फाच्या पाण्यातून आल्यासारखा वारा. तोकुगावा घराण्याच्या इएयासुची ही समाधी. नातवानं १६३६ मध्ये तिच्यावर इतकं सोनं आणि रंग चढवला की आमच्याकडच्या लग्नाच्या मंडपवाल्यानंही हात टेकावेत. या सगळ्या झगमगाटात एक साधी, बिनरंगाची लाकडी इमारत आहे. घोड्याचा तबेला. माकड घोड्याला आजारापासून राखतं अशी जुनी समजूत, म्हणून तबेल्याच्या भिंतीवर माकडं कोरलेली. आणि तिथं, छपराखाली, ती तीन.

"एवढुशेच?" ही म्हणाली.

आठ लाख रुपयांचा हिशेब माझ्या डोळ्यांपुढून गेला.

गर्दी फक्त त्या एकाच फळीपुढं होती, फोन वर करून. पण फळ्या आठ आहेत आणि माकडं सोळा, माकडाच्या जन्मापासूनची गोष्ट ओळीनं. फोटो काढून झाल्यावर लोक पुढं जात होते. ही डावीकडच्या पहिल्या फळीकडं गेली. तिथं माकडीण कपाळावर हात धरून दूर पाहतेय.

"हे पोराचा दहावीचा निकाल पाहून राह्यली," हिनं निकाल दिला.

पुढं एक आकाशाकडं बघणारं. "याले पुण्याले जा लागते." मान खाली घालून बसलेलं, शेजारी दोस्त. "नोकरी गेली." एक विचारात बुडालेलं. "हे लव्ह मॅरेज." आणि शेवटच्या फळीवर पोटुशी माकडीण. "झालं. आता पुन्हा पयल्यापासून."

मी फोनवर पाहिलं. शब्द वेगळे होते, गोष्ट हीच होती. भविष्य पाहणारी आई, महत्त्वाकांक्षा, निराशा, प्रेम, बाळंतपण आणि परत सुरुवात. हिनं एकही पाटी वाचलेली नव्हती.

"आणि ती तीन?" मी विचारलं.

"तुमीच सांगा. मोबाइल तुमच्यापाशी."

त्या तिघांची फळी बालपणाची. लहान पोरानं वाईट पाहू नये, ऐकू नये, बोलू नये. शिवाय त्यांची नावं ही एक कोटी आहे. जुन्या जपानीत नकाराचा शेवट 'झारू' आणि माकडाला 'सारू', म्हणून न पाहणारं मिझारू, न ऐकणारं किकाझारू, न बोलणारं इवाझारू. तत्त्वज्ञान मागून आलं, आधी शब्दांचा खेळ.

ही गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे हे लहान पोरायसाठी हाय. अन् आपण पस्तीस वर्षं मोठ्या माणसायले सांगून राह्यलो."

खाली एका दुकानातून आम्ही तीन माकडांचा मूठभर संच घेतला. तो शेजारच्या नानांसाठी. नाना जुने सर्वोदयी, आमच्या आधीपासून सेवाग्रामचे.

क्योटोबद्दल फार लिहीत नाही. सोन्याचं देऊळ सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेलं आहे. ते १९५० मध्ये जळालं आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. नारा येथे हरणांनी हिची शाल खाल्ली. हरणं वाकून नमस्कार करतात ही गोष्ट खरी, पण बिस्किट मिळेपर्यंतच.

शिंकान्सेनविषयी मात्र सांगायला हवं, कारण तिथं आमची अब्रू गेली. ती १९६४ पासून धावते आणि हल्ली ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जाते. हिच्या माहेरची पुलगाव–आर्वी ही पस्तीस किलोमीटरची छोटी गाडी अशी चालायची की खाली उतरून बोरं वेचावीत, मोजावीत आणि पुन्हा चढावं. त्या बाईला शिंकान्सेनमध्ये काहीच झालं नाही. ती बसली, पर्स मांडीवर घेतली आणि "हालत नाई न हे," म्हणाली. भानगड झाली ती तिकीट तपासनीसाची. डब्यातून बाहेर पडताना तो दाराशी वळून साऱ्या डब्याला वाकून नमस्कार करतो. आमच्याकडं तपासनीस वळला की लोक बाकाखाली पाहतात. हिला वाटलं, तो आपल्यालाच करतोय. ती उठली, शाल सावरली आणि परत केला. त्यानं तो घेतला. नियमाप्रमाणे पुन्हा वाकला. हिनं पुन्हा परत केला. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनीही उभं राहून वाकायला सुरुवात केली, तेव्हा मी हिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं.

हिरोशिमात स्टेशनाबाहेर पडताच हिनं मागच्या डोंगराकडं बोट केलं. "अवो, आपला स्तूप!" डोंगरमाथ्यावर चंदेरी शांतिस्तूप होता. गीताई मंदिराशेजारच्या आमच्या विश्वशांती स्तूपाशी त्याचं दुरून साम्य. आमचा ज्यांच्या पंथानं बांधला ते फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला बापूंकडे आले होते, हातात डफासारखा ढोल घेऊन. त्यांच्या मंत्राचे जपानी शब्द सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही सर्वांत आधी म्हटले जातात. म्हणजे आमच्या गावची सकाळ कितीतरी वर्षं जपानीतच उजाडते, आणि आम्ही उमेबोशी शोधत फिरत होतो.

संग्रहालयात एका लहान पोराची जळालेली तीनचाकी सायकल आहे. त्यानंतर नदीकाठापर्यंत ही बोलली नाही.

मोतोयासु नदीच्या काठाशी गांधीजींचा पुतळा आहे, ४२ इंची ब्राँझचा, धुळ्याकडच्या राम सुतारांच्या हातचा. २०२३ मध्ये बसवला. तिथं एक म्हातारे गृहस्थ चिमट्यानं पाचोळा वेचत होते. हिला पाहून त्यांनी विचारलं, "इंदो?"

"इंदो," ही म्हणाली. मग पुतळ्याकडं बोट, स्वतःकडं बोट. "आमच्या गावचे हायत."

त्यांना काय कळलं देव जाणे, पण ते वाकले. ही वाकली. मग हिनं पर्स उघडली आणि गोरसपाकाचा पुडा काढला. निंघलं होतं शेवटी एखादं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, खिशातून कागदाचा घडीचा बगळा काढून दिला. जपानात घेतलं की परत द्यावं लागतं, आणि वर्ध्यातही कोणाचा डबा रिकामा परत जात नाही. हिनं दुसरा पुडा दिला. त्यांनी दोन टॉफ्या दिल्या. हिनं तिसरा. पाचव्या पुड्याला त्यांनी गळ्यातला टॉवेल काढायला घेतला, तेव्हा मी मध्ये पडलो.

घरी परतलो त्या संध्याकाळी नाना आले. पंखा पाचवर होता. हिनं चहा ठेवला, खोका उघडला आणि माकडं त्यांच्या हातावर ठेवली. निक्कोची, मूळ जागेची, सोळांची पूर्ण गोष्ट सांगून झाली. नाना ऐकत होते, चष्मा कपाळावर. मग त्यांनी तिन्ही माकडं उलटी केली. बुडाला चिकटवलेला बारीक कागद वाचायला त्यांना वेळ लागला.

"अगं, हे तर चीनमधे बनलेलं आहे."

मी डोळे मिटले. आठ लाख.

ही चहा गाळत होती. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं.

"मंग? बापूयले बी चीनवाल्यानंच देल्ले होते न. म्हंजे ओरिजनल हेच."