तुकडेजोड

आमच्या कोरेगावात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि तो निवृत्त झाला तरी भाऊसाहेबच राहतो. आमच्या आळीतल्या भाऊसाहेबांचं दप्तर सुटून बारा वर्षं झाली, पण डोक्यातलं टेबल अजून सुटलेलं नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यावर बोट ठेवून ज्यांनी जन्मभर लोकांना ‘तुकडे पाडू नका’ म्हणून बजावलं, त्यांनी स्वतः मात्र ब्लॉगचे पाच तुकडे पाडले.

पहिला २००८ सालचा, गडकिल्ल्यांचा. दुसरा वाघ्या घेवड्याचा. घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या आनंदात काढलेला. तिसरा सातबाऱ्याच्या शंकांचा. चौथा कवितांचा. पाचवाही कवितांचाच, कारण चौथ्याचा पासवर्ड विसरला.

“औंदा पाची एका गटात घ्यायचे. वर्डप्रेस!” हे वाक्य मी तीन दिवाळ्या ऐकतोय. खरं तर काम अर्ध्या दिवसाचं. ब्लॉगरवरून फाइल उतरवायची आणि वर्डप्रेसच्या इम्पोर्टरला द्यायची. पण भाऊसाहेब मोजणीशिवाय हद्द हलवत नाहीत. त्यांनी ताव चिकटवून नकाशा केलाय: किल्ले उत्तरेला, घेवडा पाटाखाली, कविता गावठाणात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाचक वळवणं म्हणजे त्यांच्या लेखी फेरफार. चौथ्या ब्लॉगचं घोडं मात्र वारसनोंदीवर अडलंय.

एकदा मीच नेट लावून एक लेख नव्या जागी चढवला. शीर्षक होतं, ‘कल्याणगडावरच्या गुहेतील पार्श्वनाथ आणि दत्तमूर्ती’. पत्त्यात मराठीच्या प्रत्येक अक्षराची, अगदी काना-मात्रेचीसुद्धा, नऊ-नऊ चिन्हं होतात आणि वर्डप्रेस दोनशेच्या पुढचं कापून टाकतं. पत्ता ‘गुहेतील’वरच संपला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, अक्षरं बोटानं मोजली आणि म्हणाले, “म्हंजी दत्त आन् पार्श्वनाथ दोघंबी हद्दीभाईर? आरं, अतिक्रमण न्हवं, बेदखलीच केली की ही!”

“शीर्षक आखूड करा,” मी म्हणालो.

“नोंद आखूड झाली की दावा उभा राहतो, लेका,” म्हणत त्यांनी तो लेख खाली उतरवायला लावला.

मग जुन्या ब्लॉगवरचे पत्ते तपासले. मराठी शीर्षक ब्लॉगरला उमगायचं नाही, म्हणून त्यानं जवळपास प्रत्येक लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढंच नाव देऊन मागे आकडा डकवलेला. मला ते बघून घाम फुटला. भाऊसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. “बघ, ह्याला म्हणत्यात पोटहिस्सा!” त्या रात्री त्यांनी पाचही ब्लॉगांची पोटहिश्श्यांसह यादी करायला घेतली. ती अजून चालू आहे.

काकू चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, “आधी माळ्यावरची रद्दी एका गटात आणा.”

भाऊसाहेबांचं हसं करू नये. सातबाऱ्याच्या ब्लॉगवर वाचून आजही कुणी ना कुणी त्यांच्या ओट्यावर कागद घेऊन येतं, आणि ते फुकट सांगतात. नव्या संकेतस्थळाचं नाव त्यांनी तीन वर्षांपूर्वीच विकत घेतलंय, आणि दरवर्षीचे पैसे मुदतीआधी भरतात. उघडून पाहिलं तर वर्डप्रेसनं स्वतःच पेरून दिलेली ‘हॅलो वर्ल्ड’ ही एकच नोंद दिसते. मालकी निर्विवाद, बोजा नाही, आणि पिकाच्या रकान्यात सलग तिसऱ्या वर्षी: पड.