आधी नंबर, मग गाडी!

विलायतेत हौशी माणूस खोक्यातून सुटे भाग आणून वर्षानुवर्षे घरीच मोटार जोडत बसतो. जळगाव-धुळ्यात त्याचं काय कौतुक? इथे शोरूममधून अख्खी गाडी आणा, दोन पावसाळ्यांत रस्ताच तिचे सुटे भाग करून देतो! तरी कुणी पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातलं इंजिन ठेवून वेल्डिंग सुरू केलंच, तर शेजारी पहिलं विचारतात, "भाऊ, पासिंग होईल का?" देवराष्ट्र्याच्या, म्हणजे सांगलीकडच्या कारागिराने किक मारून चालू होणारी गाडी बनवली. नियमात न बसणारी ती गाडी घेऊन आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये त्याला बोलेरो दिली. तेव्हा खान्देशकरांनो, गाडी खुशाल बनवा. रस्त्यावर मात्र कंपनीचीच आणा.