मुदतवाढ

1 जूनला मालवणात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, फाटकी जाळी शिवायला बाहेर येतात आणि वाडीतल्या माणसांना बसायला वेळ मिळतो. त्याच सुमाराला मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.चे अर्ज सुरू होतात. हे दोन्ही एकदम आलं नसतं तर आमच्या बाबीचं कसं झालं असतं कोण जाणे. मुंबईला शिकायला जावं की जाऊ नये, या प्रश्नावर बोलायला एवढी माणसं त्याला दुसऱ्या कुठल्याच महिन्यात फुकट मिळाली नसती.

बाबी फक्त मालवणात असतो असं नाही. तो जळगावला असतो तेव्हा पुण्याकडे बघून विचार करतो, परभणीला असतो तेव्हा संभाजीनगरकडे बघून. पण मी पाहिलेला बाबी मालवणचा, आणि माझ्या मते या जातीतला तोच अस्सल.

त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. फलकावर 'सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज भरून मिळतील' असं लिहिलंय आणि ते खरं आहे. गावातल्या निम्म्या पोरांचे कॉलेजचे अर्ज त्यानंच भरले. फोटो किती केबीचा, सही कुठे, जातीचा दाखला कुठल्या चौकटीत चढवायचा, हे त्याला विचारावं. स्वतःचा अर्जही तो दरवर्षी भरतो. विषय समाजशास्त्र. नाव, पत्ता, गुण, सगळं भरून शेवटच्या पानावर येतो आणि थांबतो. तेवढ्यात कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला येतं. बाबी उठतो. उठायला मिळालं याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

समाजशास्त्रच का, तर घुर्ये मालवणचे. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि 1924 पासून तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळला. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी. हे सगळं बाबी अशा थाटात सांगतो, की घुर्ये काल संध्याकाळी जेटीवर भेटले होते. पण जाऊ नये या बाजूलाही त्याच्याकडे मालवणचाच माणूस आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्म मालवणचा. विद्यापीठाच्या 1862 च्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत ते होते, पुढे कुलगुरूही झाले. आणि ते शिकले कुठं? एल्फिन्स्टनमध्ये! 1857 साली विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. "म्हणजे इद्यापीठात शिकूक जावचा, ही रीतच मुळात नाय हती," बाबी सांगतो आणि समोरच्याचा चहा संपेपर्यंत गप्प बसतो.

मी स्वतः विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात शिकलो आहे. तरी यातलं काडीमात्र मला माहीत नव्हतं. मला तिथं कुणीतरी 'जा' म्हटलं आणि मी गेलो. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघायला पाहुण्यांना घेऊन जायचो, पण राजाबाई कोण हे विचारायचं सुचलं नाही. ते मला बाबीनं सांगितलं. कापसाच्या धंद्यात पैसा केलेल्या प्रेमचंद रायचंदनं मनोऱ्यासाठी देणगी दिली आणि आईचं नाव द्यायला सांगितलं, 1878 साली तो पुरा झाला, वगैरे. शिवाय हेही बजावलं, की मनोरा फोर्टात, बहुतेक विभाग कलिन्याला, आणि दोन्हींत गल्लत करणाऱ्या माणसाचा सल्ला कधी घेऊ नये. मुंबई विद्यापीठाची इतकी माहिती असलेला माणूस मी विद्यापीठात पाहिला नाही.

अडचण अशी, की बाबी कायद्यानं मुंबई विद्यापीठाचाच आहे. या विद्यापीठाची हद्द पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. बाबीचं बी.ए. मालवणात झालं, घरून डबाही न्यावा लागला नाही, तरी भिंतीवरच्या पदवीवर मुंबईचाच शिक्का. त्यामुळे त्याच्या आईला सगळं प्रकरणच कळत नाही. "आधी मुंबई इद्यापीठाची डिग्री घेतलंस, आता परत थयच कित्या जातंस? काय इसारलंस थय?" या प्रश्नाला बाबीकडे उत्तर नाही. खरं तर कुणाकडेच नाही.

मग राहायचं कुठं हा विषय येतो. वसतिगृहाच्या जागा थोड्या, तेव्हा नातेवाईक. नातेवाइकांचं मत घ्यायला गणपतीसारखा काळ नाही, कारण तेव्हा सगळे चाकरमानी आपणहून घरी येतात. अर्जाची मुदत बहुतेक वेळा त्याआधीच संपलेली असते. पण मत हे मत. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ समोर आली की बाबीच्या पडवीत परिषद भरते. आणि असं दिसतं, की मुंबई विद्यापीठ एक नसून प्रत्येकाच्या रेल्वेलाइनवर एकेक आहे. डोंबिवलीच्या काकांचं विद्यापीठ कुर्ल्याला आहे. तिथं उतरून पुढे बस, पण मुळात कुर्ल्याला उतरायला मिळालं तर. नालासोपाऱ्याच्या मामांचं विद्यापीठ सांताक्रूझला, आणि तिथं शिकायचं असेल तर आधी विरार लोकलमध्ये चढायला शिकावं लागतं. लालबागच्या आत्याच्या मते शिक्षणाला विरोध नाही, पण पोरगा बारीक होईल. अभ्यासक्रमात काय आहे, हे कुणी विचारत नाही. जागेबद्दल मात्र सगळे उदार. "आमच्याकडे राहा की," असं प्रत्येक जण म्हणतो, आणि त्याच्या मागे उभी असलेली काकू, मामी किंवा वहिनी लगेच म्हणते, "हो तर! फक्त अभ्यासाला शांतता हवी ना रे तुला?" बाबी ही दोन्ही वाक्यं वहीत टिपून ठेवतो, एकाखाली एक.

त्या वहीत एक कात्रणही आहे. 2017 साली विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल रखडले. राज्यपालांनी 31 जुलैपर्यंत निकाल लावायला सांगितलं, तीही तारीख टळली. इतर लोक हे विद्यापीठाच्या गोंधळाचं उदाहरण म्हणून सांगतात. बाबीला त्यात आपुलकी दिसते. "इद्यापीठाकच मुदत पाळूक जमणा नाय, मग माका कित्या घाई?"

एकदा मात्र तो गेला होता. अर्ज करायला नव्हे, बघायला. कुडाळला तुतारी एक्सप्रेस पकडली, सकाळी दादरला उतरला, वहीतल्या वहीत पाठ केलेल्या रस्त्यानं न चुकता कलिन्याला पोचला आणि त्याच रात्री परत निघाला. वाडीला वाटलं गर्दीनं घाबरला असेल, किंवा लोकलमध्ये पाकीट गेलं असेल. तसं काही झालं नव्हतं. परिसर त्याला आवडला, झाडं आवडली, ग्रंथालय तर फारच आवडलं. पण, त्यानं मला हळू आवाजात सांगितलं, फाटकातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याला कुणी काही विचारलं नाही. मालवणात घरातून बाजारापर्यंत जायचं तर चार जण "खय चललंस?" म्हणतात, आणि येताना तेच चार जण "काय हाडलंस?" म्हणतात. कलिन्यात शेकडो पोरं बाजूनं गेली आणि एकालाही बाबी कुठून आला, कशाला आला, काय ठरवलंय, यात काडीचा रस नव्हता.

मला ते ऐकून हेवा वाटला. एवढ्या मोठ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठाची खरी मजा तीच. तिथं पहिल्या आठवड्यात मी कुणाचाच मुलगा नव्हतो, कुणाचा भाचा नव्हतो, आणि अशी चैन मला पूर्वी कधी मिळाली नव्हती. पण बाबीचं तसं नाही. त्याचा विचार चालतो तो लोकांच्या विचारण्यावर. "काय ठरलां रे?" असं सकाळी कुणी म्हटलं नाही, तर संध्याकाळपर्यंत त्याला करायला काही उरत नाही. आणि कलिन्याला जाऊन बसला की ठरलंच! मग विचारणार कोण?

मी त्याला दूरशिक्षणाचा मार्ग सुचवून पाहिला. विद्यापीठाची ही सोय 1971 पासून आहे, पोस्टमन आणि डॉक्टर दोघंही तिचे विद्यार्थी होऊ शकतात. न जाता जाणं, असा हा प्रकार. मला वाटलं, बाबीसाठीच काढलाय. तो गंभीर झाला. "तेचो पण इचार करूक व्हयो," म्हणाला आणि वहीचं नवं पान उघडलं. आता त्याच्याकडे विचार करायला दोन गोष्टी आहेत. बाबीच्या वहिनी म्हणतात, याला जबाबदार मी.

यंदा शेजारच्या घरातल्या मुलीनं त्याच्याच दुकानात अर्ज भरला. शेवटच्या पानावर बाबी सवयीनं थांबला, तेव्हा तिनं हात लांब करून स्वतःच बटण दाबलं. यादीत नाव लागलं आणि ती त्याची वही मागून घेऊन गेलीसुद्धा. तिचा पहिला फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो.

"बाबीदादा, कुर्ल्याक उतरलंय. आता खय?"

"वेस्टाक ये. ईस्टाक जाव नको. पुलावरसून उतर आणि बस इचार." बाबी डोळे मिटून बोलत होता. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती, मालवणच्या दुकानातून कलिन्याची बस सुटत होती. फाटक कुठलं, ग्रंथालय कुठल्या बाजूला, चहा कुठे स्वस्त, सगळं त्यानं सांगितलं. मग गिऱ्हाइकांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"आणि गो, थय ऑफिसात जरा इचारून बघ. मुदत वाढयली काय?"

तिनं बिचारीनं खरंच विचारलं. मुदत वाढवली होती. बाबीनं दुकान दोन दिवस बंद ठेवलं.