विद्यार्थी विकास मंडळास आभाराचे पत्र

प्रति,
मा. संचालक,
विद्यार्थी विकास मंडळ,
एक अकृषी विद्यापीठ, महाराष्ट्र राज्य.

विषय : संशोधक विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेल्या सोयीसुविधांबद्दल आभार मानण्याबाबत.

संदर्भ : आपलेच परिपत्रक, जे सूचनाफलकाच्या काचेआड लावलेले असून त्यावर नंतरची तीन परिपत्रके लावलेली आहेत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी आपल्या विद्यापीठाच्या मराठी विभागात पीएच.डी. करते आहे. विषय आहे एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांमध्ये छापून आलेली पत्रं. लोकहितवादींनी 1848 पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये शंभरावर पत्रं लिहून अख्ख्या समाजाला फैलावर घेतलं, आणि त्यांना एकदाही आवक क्रमांक घ्यावा लागला नाही. मला तो घ्यावा लागेल. म्हणून एकच पत्र लिहिते, आणि तेही आभाराचं. आभाराच्या पत्रात त्रुटी काढत नाहीत असं ऐकून आहे.

सोयी भरपूर आहेत, याबद्दल दुमत नाही. प्रशासकीय इमारतीच्या तळमजल्यावरून नुसतं चालत गेलं तरी समुपदेशन केंद्र, समान संधी कक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंगविरोधी समिती, करिअर कट्टा अशा पाट्या लागतात. सगळ्या पाट्या एकाच पेंटरनं एकाच दमात रंगवल्यात, हे अक्षराच्या वळणावरून कळतं. विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची पिअर टीम यायची होती तेव्हाची ती रंगरंगोटी. नॅकच्या त्या मूल्यमापनात सात निकष होते आणि त्यांतला पाचवा 'विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती' हा होता. आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं. पेंटरला माहीत होतं.

या निकषाला पुरावा म्हणून जिओ-टॅग केलेले फोटो लागायचे. म्हणजे फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ उमटलेली हवी. त्यासाठी आपण आम्हा संशोधकांना सभागृहात बोलावलंत, चहा दिलात, ही आपली पहिली ठोस मदत. शिपाईमामांनी 'ताणतणाव व्यवस्थापन कार्यशाळा' असा फ्लेक्स बांधला. आम्ही तणावग्रस्त चेहरे केले, ते जमायला वेळ लागला नाही. फोटो झाला. फ्लेक्स उतरला, 'संशोधन लेखन कार्यशाळा' चढला. पहिल्या रांगेतल्यांना मागे पाठवलं, मला स्वेटर काढायला सांगितलं, फोटो झाला. तिसऱ्या फ्लेक्सच्या वेळी पुष्पगुच्छ तोच होता, पण आधी ज्यांनी तो दिला होता त्यांनीच तो घेतला, त्यामुळे प्रमुख पाहुणे बदलले. मोबाइलनं वेळ मात्र खरी छापली. एका सकाळीत, त्याच अक्षांश-रेखांशावर, आपण आमचं किती कल्याण केलंत याचा तो अस्सल दस्तऐवज आहे. माझ्या प्रबंधात इतका बिनतोड पुरावा कुठंही नाही.

समुपदेशन केंद्राचे आभार वेगळे मानायला हवेत. ते मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते पाच उघडं असतं. मन इतर वारी बिघडल्यास आवरून धरावं लागतं, यानं शिस्त लागते. दाराबाहेर टेबलावर नोंदवही आहे : अनुक्रमांक, नाव, विभाग, मोबाइल, समस्येचे स्वरूप, सही. वही सगळ्यांसाठी उघडी असल्यानं गोपनीयता सांभाळायचं काम कुणा एकावर पडत नाही. मी लिहायला वाकले, तर पानावर सगळ्यात वर 'समस्येचे स्वरूप' या रकान्यात कुणीतरी निळ्या शाईनं 'गाईड' असं लिहिलेलं. त्याखाली पानाच्या तळापर्यंत, वेगवेगळ्या अक्षरांत, नुसतं 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे'. मीही वेगळं काही लिहिलं नाही. आतल्या मॅडम फार चांगल्या आहेत. त्या तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांचं मानधन थकलेलं आहे. आमच्या बैठकीचा बराच भाग मी त्यांना धीर देण्यात घालवला.

(उपरोध बाजूला ठेवून एक सांगते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडून मराठीत बोलतात. 'विभाग कोणता, गाईड कोण' असं विचारत नाहीत. आपल्या फलकावर एवढा एक नंबर ठळक लिहिलात तर पेंटरचे पैसे मी देईन.)

आता पैशाच्या मदतीविषयी. यूजीसीची जेआरएफ ही संशोधनवृत्ती ज्यांना मिळते त्यांना 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वरच्या टप्प्यावर 42,000 रुपये मंजूर आहेत. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएच.डी.वाल्यांनाही 8,000 रुपये मिळतात. ही रक्कम बंद करायचं घाटलं तेव्हा ऑक्टोबर 2015 मध्ये दिल्लीत विद्यार्थी यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसले. रक्कम बंद झाली नाही. पुढची कितीतरी वर्षं वाढलीही नाही. आपलं विद्यापीठ राज्याचं, त्यामुळे त्या 8,000 ची कटकट आपल्यामागे नाही.

आपल्याकडे बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आहेत. त्यांच्या अधिछात्रवृत्तीवर माझ्या आसपासची कितीतरी मुलं-मुली उभी राहिली, घरात पहिल्यांदा कुणी एम.ए.च्या पुढं गेलं, हे खरंच आहे आणि त्यात थट्टा नाही. थट्टा इतरांनी केली. डिसेंबर 2023 मध्ये या संस्थांनी अधिछात्रवृत्तीसाठी चाळणी परीक्षा घेतली, तर 2019 च्या सेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुढ्यात आल्याचं विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं. जानेवारीत परीक्षा पुन्हा ठेवली, तर काही संच सीलबंद नसल्याचं सांगत मुलं केंद्रांबाहेर पडली. संशोधन करणाऱ्यांनी मूळ साधनं शोधून काढावीत, ही अपेक्षा परीक्षेतच पूर्ण करून घेतली म्हणायची. त्याच डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या जागा 200 वर आणल्याचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असं विचारलं. यावर तेव्हा पुष्कळ लोक चिडले. मी नाही चिडले. आपली अभ्यासिका रात्री साडेनऊला बंद होते, त्यामुळे दिवे लावणं हा विषय धोरणाचा नसून वॉचमनकाकांच्या अखत्यारीतला आहे, एवढंच मला त्यांना कळवायचं होतं.

वृत्ती मंजूर होणं वेगळं आणि खात्यात पडणं वेगळं. माझ्या मैत्रिणीला जेआरएफ आहे. तिची वृत्ती यावी म्हणून दर महिन्याला विद्यापीठानं पोर्टलवर कळवायचं असतं की ही बाई अजून संशोधन करते आहे. पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, तिला महिन्याला. पोर्टलवर एक 'मेकर' असतो आणि एक 'चेकर'. मेकर माहिती भरतो, चेकर ती तपासून पुढं पाठवतो. मेकर निवडणुकीच्या कामावर गेले. ते परत आले तेव्हा चेकरांचा पासवर्ड ज्या मोबाइलशी जोडलेला होता तो मोबाइल निवृत्त झालेल्या साहेबांचा निघाला. साहेब कोकणात, घराला रेंज नाही. मैत्रिणीनं खानावळीत उधारी केली, मग ती पुरेनाशी झाल्यावर आमच्या खोलीत 'पॅरासाइट' म्हणून, म्हणजे नावावर खोली नसताना, राहायला आली. म्हणजे वसतिगृहाची सोयही आपण एका अर्थी दुप्पट केलीत.

आणि हे सगळं सुरळीत झालं, मेकर आले, चेकर आले, तरी त्याआधी एक कागद लागतोच. मासिक उपस्थितीपत्रक. त्यावर गाईडची सही.

महोदय, इथं मी जरा थांबणार आहे, कारण हाच या पत्राचा खरा विषय आहे. आपल्या सगळ्या सोयी मी नीट पाहिल्या. अर्ज वेगळे, शिक्के वेगळे, खिडक्या वेगळ्या. पण प्रत्येक अर्जाच्या तळाशी उजवीकडे एक रेघ असते आणि रेघेखाली 'मार्गदर्शकाची स्वाक्षरी' लिहिलेलं असतं. वृत्तीला सही. सहामाही प्रगती अहवालाला सही. वसतिगृहाच्या मुदतवाढीला सही. पुस्तकं जास्तीची हवीत, सही. दुसऱ्या शहरात अभिलेखागारात जायचं, सही. 2022 च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या बाईला 240 दिवसांपर्यंतची प्रसूती रजा दिली आहे. आपल्या अर्जात त्यालाही 'मार्गदर्शकाची शिफारस' असा रकाना आहे. शिफारस कशाची, हे मी विभागातल्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, सरांनाही कळेना, शेवटी त्यांनी 'शिफारस आहे, प्रगती समाधानकारक' असं लिहून दिलं.

गाईड बदलून हवा असेल तर? त्याही अर्जावर आधीच्या गाईडचं ना हरकत प्रमाणपत्र. घटस्फोटाच्या अर्जावर सासूची सही आणायला सांगणारं कोर्ट अजून निघालेलं नाही, आपण या बाबतीत न्यायव्यवस्थेच्याही पुढं आहात.

माझे सर भले गृहस्थ आहेत, हे इथं नमूद करायला हवं. सही मागितली की करतात, वर 'चहा घेणार का' विचारतात. पण नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे 8 जण असू शकतात, आणि आम्ही सगळे महिन्याच्या अखेरीला फाइल घेऊन त्यांच्या दाराशी उभे असतो. सर परीक्षेच्या कामावर, अभ्यास मंडळाच्या बैठकीला, नाहीतर कुणाच्या तरी पदोन्नतीच्या मुलाखतीला. भल्या माणसाचीही अशी अवस्था आहे. ज्यांचा गाईड भला नाही, त्यांनी काय करायचं? ज्यानं प्रकरण दोन वर्षं वाचलं नाही, ज्यानं पेपरवर स्वतःचं नाव आधी टाकलं, ज्यानं मुलीच्या प्रवेशाच्या रांगेत आपल्या विद्यार्थ्याला उभं केलं, त्याच्याविरुद्ध मदत हवी तर त्याचीच सही घेऊन या, असं आपल्या सगळ्या अर्जांचं म्हणणं आहे.

तक्रार निवारण समिती आहे ना, असं आपण म्हणाल. आहे. एप्रिल 2023 च्या यूजीसी नियमांप्रमाणे या समितीत अध्यक्ष प्राध्यापक, आणखी चार सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ अध्यापक, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी. विद्यार्थी 'विशेष निमंत्रित' म्हणून. म्हणजे एका प्राध्यापकाविषयीची तक्रार पाच जण ऐकणार, आणि ज्याच्या जातकुळीची तक्रार आहे तो पंगतीला पाहुणा. तरी नियम वाईट नाहीत. समितीनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटलं नाही तर लोकपालाकडे जाता येतं, आणि लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. आपल्याकडेही लोकपाल नेमलेले आहेत म्हणतात. त्यांचं नाव काय, हे विचारायला मी कक्षात गेले, तर बाबू म्हणाले, "तक्रार कसली आहे ते आधी सांगा, मग नाव सांगतो." तक्रार नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग नाव कशाला हवं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. मी तत्त्वज्ञान विभागात असते तर सुचलं असतं.

ग्रंथालयाचं थोडक्यात आटोपते. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे 2025 पासून जवळपास 13,000 नियतकालिकं आपल्याला मिळतात, रसायनशास्त्रवाल्या मुलांचं त्यानं भलं झालं. मला हवे होते 'विविधज्ञानविस्तार'चे जुने अंक. ते आपल्याकडे आहेत, कपाटात, काचेतून कणे दिसतात.

तर आभार मानून झाले. आता आभाराच्या पत्रात बसत नाही असं एक मागणं. नवा कक्ष उघडू नका. नवी पाटी, नवं पोर्टल, नवा समन्वयक, काही नको. आहेत तेच अर्ज घ्या आणि त्यांतले पाच वेगळे काढा : समुपदेशन, तक्रार, रजा, गाईड बदल आणि वृत्तीची मासिक हजेरी. या पाचांच्या तळची ती उजवीकडची रेघ खोडा. हजेरीला विभागाच्या कार्यालयाची सही पुरे. बाकीच्यांना विद्यार्थ्याची स्वतःची पुरे. लोकपालाचं नाव आणि ईमेल काचेबाहेर लावा. याला निधी लागत नाही, विद्या परिषदेत ठराव मांडायला एक कागद लागतो. तो मी टाइप करून सोबत जोडला आहे, युनिकोडमध्येही आणि आपल्या कार्यालयात चालतो त्या जुन्या फॉन्टमध्येही.

कळावे,

आपली विश्वासू,
एक संशोधक विद्यार्थिनी

सोबत : वरीलप्रमाणे ठरावाचा मसुदा, 2 प्रती.

ता.क. : हे पत्र घेऊन आवक खिडकीवर गेले होते. बाबूंनी पहिली ओळ वाचली, पान उलटून पाहिलं आणि परत केलं. "मॅडम, खुलं पत्र घेत नाही आम्ही. पाकिटात घालून आणा. आणि 'मार्फत' लिहायचं राहिलंय, तुमचे गाईड कोण?"